एझ्रिन सक्रिय होतं म्हणजे नेमकं काय बदलतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एम.एस्सी.च्या वर्गाला प्रथिनांची रचना शिकवताना मी दरवर्षी एझ्रिन घेते. हिमोग्लोबिन सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेलं असतं, त्यामुळे त्याबद्दल फारसं कुणी विचारत नाही. एझ्रिनचा तास झाला की मात्र प्रश्नांची रांग लागते, आणि दरवर्षीचे प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. वेळ कमी असेल तर निदान कळीच्या दगडाचा प्रश्न तरी वाचा. बाकीचं सगळं त्याच्याच भोवती फिरतं.

एझ्रिन कुठे असतं आणि काय करतं?

पेशीचं पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दोन थरांचा पापुद्रा. त्याला स्वतःचा असा आकार धरता येत नाही. आकार देतात ते पटलाच्या आतल्या बाजूला पसरलेले ॲक्टिन या प्रथिनाचे धागे. पण धागे आणि पटल आपणहून एकमेकांना चिकटत नाहीत, मध्ये कुणीतरी दोघांना धरून ठेवावं लागतं. एझ्रिन हेच काम करतं. त्याचं एक टोक पटलाला धरतं आणि दुसरं ॲक्टिनला.

हे बघायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे आपलं लहान आतडं. तिथल्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर बोटांसारख्या बारीक उंचवट्यांचं दाट रान असतं. एकेक उंचवटा साधारण १ मायक्रोमीटर उंच आणि ०.१ मायक्रोमीटर जाड. यांना मायक्रोव्हिलाय म्हणतात. खाल्लेल्या भाकरीतली साखर शरीरात शिरते ती यांच्याच पृष्ठभागावरून. प्रत्येक बोटाच्या आत ॲक्टिनची जुडी असते आणि ती जुडी भोवतीच्या पटलाशी बांधून ठेवणाऱ्यांत एझ्रिन मुख्य आहे.

हे नाव कशावरून पडलं?

एझ्रा कॉर्नेल यांच्यावरून. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे ते संस्थापक. तिथले अँथनी ब्रेचर यांनी १९८३ मध्ये कोंबडीच्या आतड्यातल्या मायक्रोव्हिलायमधून हे प्रथिन वेगळं केलं आणि विद्यापीठाच्या संस्थापकाचं नाव त्याला दिलं.

एझ्रिन, रॅडिक्सिन, मोएसिन ही तिन्ही नावं एकत्रच का येतात?

ही तिघं सख्खी भावंडं आहेत. माणसात एझ्रिन ५८६ अमिनो आम्लांचं, रॅडिक्सिन ५८३ आणि मोएसिन ५७७ आम्लांचं. तिघांची घडण सारखीच, फक्त राहण्याच्या जागा वेगळ्या. आतड्याच्या अस्तरात एझ्रिन, यकृतातल्या पित्तवाहक पटलांपाशी रॅडिक्सिन आणि पांढऱ्या पेशींमध्ये मोएसिन जास्त. त्यामुळे एकाची रचना कळली की दुसऱ्याबद्दल बरंच सांगता येतं. खाली मी मोएसिनच्या स्फटिकावरून एझ्रिनबद्दल बोलते ते याच आधारावर.

या प्रथिनाचे भाग कोणते?

तीन. सुरुवातीची सुमारे ३०० आम्लं म्हणजे डोकं. याला फर्म डोमेन म्हणतात. हे नाव फोर-पॉइंट-वन, एझ्रिन, रॅडिक्सिन, मोएसिन या चार प्रथिनांच्या आद्याक्षरांवरून आलं. डोक्याला तीन पाकळ्या असतात. पहिली दिसायला युबिक्विटिनसारखी, दुसरी असिल-कोए बांधणाऱ्या प्रथिनासारखी आणि तिसरी पीएच डोमेनच्या घराण्यातली. तिन्ही मिळून तीन पानांच्या घोसासारखा आकार तयार होतो.

मध्ये साधारण १७० आम्लांचा लांब सर्पिल भाग. शेवटी सुमारे १०० आम्लांचं शेपूट. त्या शेपटाच्या अगदी टोकाशी ॲक्टिन धरणारी जागा.

डोकं पटलाकडे, शेपूट ॲक्टिनकडे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं समजतं.

सुप्त एझ्रिन दिसतं कसं?

सुप्त अवस्थेत हे प्रथिन स्वतःलाच धरून बसलेलं असतं. शेपूट वळून डोक्यावर येतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या पाकळ्यांवर पसरून घट्ट चिकटतं. त्यामुळे दोन कामं एकदम थांबतात. शेपटातली ॲक्टिनची जागा झाकली जाते, आणि डोक्यावरच्या ज्या जागांना पटलातली प्रथिनं किंवा त्यांचे मध्यस्थ चिकटायचे, त्याही झाकल्या जातात.

हे नुसतं चित्र काढून सांगितलेलं नाही. डोकं आणि शेपूट एकमेकांना धरतात हे १९९५ मध्ये प्रयोगातून दिसलं होतं. २००० मध्ये मोएसिनच्या डोक्याचा आणि शेपटाचा एकत्र स्फटिक तयार झाला आणि त्यात ही मिठी अणूंच्या पातळीवर दिसली. त्या रचनेत शेपूट एका जागी गोळा होऊन बसलेलं नाही, ते डोक्याच्या पृष्ठभागावर वळणं घेत लांबवर पसरलेलं आहे. एक बीटा-पट्टी, मग सर्पिलं, असं करत ते बराच मुलूख व्यापतं. पहिल्यांदा हे चित्र बघणाऱ्याच्या मनात हमखास येतं की झाकण इतकं मोठं कशाला? दोन जागा झाकायला एवढ्या शेपटाची गरज काय? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर पुढे येतं.

मग त्याला जागं कोण करतं?

बँकेचा लॉकर आठवा. आधी बँकेच्या माणसाची किल्ली लागते, मग आपली. एकट्या किल्लीने लॉकर उघडत नाही. इथेही दोन किल्ल्या आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे.

पहिली किल्ली पटलातच असते. फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल बिसफॉस्फेट हा तो स्निग्ध रेणू, बोलताना सगळे त्याला पीआयपी-२ म्हणतात. पटलाच्या आतल्या थरात तो अगदी थोडा असतो, पण त्याच्यावर बराच ऋण प्रभार असतो. एझ्रिनच्या डोक्यावर लायसिनसारख्या धन प्रभाराच्या आम्लांचे पुंजके आहेत. रॅडिक्सिनच्या डोक्याची रचना २००० मध्ये याच रेणूच्या वरच्या तुकड्यासह मिळाली. त्यात तो पहिल्या आणि तिसऱ्या पाकळीच्या मधल्या खाचेत बसलेला दिसतो. एझ्रिन पटलाशी येतं, पीआयपी-२ ला धरतं, आणि शेपटाची पकड सैल होते. सैल होते, पण पूर्ण सुटत नाही.

दुसरी किल्ली म्हणजे फॉस्फेट. एझ्रिनच्या साखळीत ५६७ व्या जागेवर थ्रिओनिन हे आम्ल आहे. रॅडिक्सिनमध्ये तेच ५६४ व्या आणि मोएसिनमध्ये ५५८ व्या जागी. त्यावर फॉस्फेट चढवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. आतड्यासारख्या अस्तर पेशींमध्ये हे काम मुख्यतः एलओके आणि त्याचं भावंड एसएलके करतात.

आता अडचण अशी की हे थ्रिओनिन डोकं आणि शेपटाच्या सांध्यात आहे. कायनेजला तिथे पोचायला वाव नाही. ब्रेचर यांच्याच गटाने २०१७ मध्ये याचं उत्तर दिलं. एलओकेचा स्वतःचा शेवटचा भाग पाचरीसारखा डोकं आणि शेपटाच्या मध्ये घुसतो आणि फट पाडतो. मग त्याच एलओकेचा कायनेज भाग थ्रिओनिनपर्यंत पोचतो. योग्य जागा तो ओळखतो ती दोन घरं आधीच्या टायरोसिनवरून, म्हणजे ५६५ व्या आम्लावरून. पण पाचर मारायला आधी थोडी चीर लागते, आणि ती चीर पीआयपी-२ पाडतं. लाकूड फोडणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागणार नाही. किल्ल्यांचा क्रम ठरलेला आहे तो यामुळे.

एका फॉस्फेटमुळे एवढं मोठं शेपूट कसं सुटतं?

जवळून बघू. थ्रिओनिनच्या बाजूच्या साखळीच्या टोकाला एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन, एवढीच छोटी मूठ. सुप्त रचनेत ती डोक्याच्या तिसऱ्या पाकळीला टेकून बसलेली असते. तिच्यात आणि पाकळीत रिकामी जागा जवळजवळ नाही.

आता त्या ऑक्सिजनवर फॉस्फेट चढवा. वजन सुमारे ८० डाल्टननी वाढतं, आणि पेशीतल्या आम्लतेला जवळजवळ दोन ऋण प्रभार त्याच्यासोबत येतात. एक तर तेवढा गठ्ठा मावायला जागा नाही. दुसरं, त्या प्रभाराला सामावून घेणारा सोबती तिथे नाही. शेपूट आता परत चिकटायला गेलं तर त्याला जबर किंमत मोजावी लागते. म्हणजे फॉस्फेट शेपूट ओढून काढत नाही. सैल झालेल्या शेपटाला ते परत बसू देत नाही. मुलं उत्तरपत्रिकेत ‘फॉस्फेट शेपटाला दूर ढकलतं’ असं लिहितात. मी त्याला अर्धे गुण देते, कारण पहिली चीर कुणी पाडली हे त्यात येत नाही.

शेपूट गेलं की डोकं तसंच राहतं का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. बहुतेकांच्या डोक्यात डब्याचं चित्र असतं. झाकण काढलं, डबा तसाच. पाठ्यपुस्तकांतली चित्रंही तशीच असतात. घट्ट गोल डोकं, त्यावर वळलेली रेघ, आणि सक्रिय झाल्यावर तेच गोल डोकं, रेघ तेवढी सरळ.

२००३ मध्ये मानवी एझ्रिनच्या मोकळ्या डोक्याची, म्हणजे २ ते २९७ या आम्लांची, स्फटिक रचना २.३ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने प्रसिद्ध झाली. त्याआधी रॅडिक्सिन आणि मोएसिनच्या मोकळ्या डोक्यांच्या रचना मिळालेल्या होत्या. त्यामुळे पहिल्यांदाच तीन सक्रिय डोकी एका बाजूला आणि मोएसिनचं सुप्त डोकं दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना करता आली. हा काही बारीक तांत्रिक मुद्दा नाही. एकाच स्फटिकात एखादा वळसा सरकलेला दिसला तर तो शेजारच्या रेणूच्या धक्क्यानेही सरकलेला असू शकतो. तीन वेगळ्या स्फटिकांत तोच वळसा त्याच दिशेला सरकलेला दिसला की मात्र तो सक्रिय होण्याचाच भाग आहे असं खात्रीने म्हणता येतं.

आणि बदल दिसले. दुसऱ्या पाकळीत १३५ ते १५० आणि १५५ ते १८० ही आम्लं. तिसऱ्या पाकळीत २१० ते २१४ आणि २३५ ते २६७. म्हणजे ज्या दोन पाकळ्यांवर शेपूट पसरलेलं असतं, नेमक्या त्याच दोन. पहिली पाकळी या यादीत नाही.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं निरीक्षण. सक्रिय झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकळ्यांची हालचाल खूप वाढते. त्यांचे अणू आपापल्या जागी पूर्वीइतके स्थिर राहत नाहीत. नुसतं एखादं सर्पिल इकडून तिकडे गेलेलं नाही. त्या पाकळ्यांची घडीच ढिली झालेली आहे.

हालचाल वाढली हे स्फटिकातून कसं कळतं? स्फटिकात तर सगळं थांबलेलं असतं ना?

पूर्ण थांबलेलं नसतं. क्ष-किरणांच्या आकृतीतून प्रत्येक अणूची जागा मिळते आणि त्यासोबत एक आकडाही मिळतो. त्याला बी-फॅक्टर म्हणतात. अणू जागेवर पक्का असेल तर आकडा लहान, थरथरत असेल किंवा वेगवेगळ्या रेणूंत थोड्या वेगळ्या जागी असेल तर मोठा. संगणकावर हा आकडा रंगाने दाखवतात, निळा म्हणजे स्थिर आणि लाल म्हणजे हलता.

एक काळजी घ्यावी लागते. दोन वेगळ्या स्फटिकांचे बी-फॅक्टर थेट एकमेकांशी ताडून बघू नयेत, कारण ते स्फटिकाच्या प्रतीवरही अवलंबून असतात. बघायचं ते एकाच रेणूच्या आत: या पाकळीच्या मानाने ती पाकळी किती हलते.

तो ‘कळीचा दगड’ काय आहे?

जुन्या वाड्याची किंवा देवळाची दगडी कमान बघा. दोन्ही बाजूंनी दगड रचत वर येतात आणि माथ्यावर मधोमध एक दगड बसवतात. तो बसेपर्यंत कमान कमान नसते, खालून लाकडी आधार लागतो. दगड बसला की आधार काढला तरी चालतं. तो दगड कमानीवर ठेवलेला नसतो, कमानीचा भाग असतो.

२००३ च्या त्या अभ्यासकांनी एझ्रिनच्या शेपटाबद्दल हीच उपमा वापरली. त्यांचं म्हणणं असं की शेपूट डोक्यावर नुसतं टेकलेलं नाही. ते स्वतःची काही आम्लं देऊन दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकळ्यांची घडी पुरी करतं. पाकळ्यांची स्वतःची आम्लं त्यासाठी थोडी कमी पडतात. शेपूट गेलं की कमानीतला मधला दगड गेला, आणि दोन्ही पाकळ्या डळमळू लागतात.

आता मघाचा प्रश्न आठवा, झाकण एवढं मोठं कशाला? कारण ते नुसतं झाकण नाही.

यातूनच पुढचं निघतं. अशा अपुऱ्या डोक्याला कुणीतरी दुसरं येऊन पुरं करायला हवं असतं. पटलातली प्रथिनं किंवा त्यांचे मध्यस्थ येऊन बसले की ते तोच मधला दगड होतात. असा सोबती एकदा बसला की सहजासहजी सुटणार नाही, कारण तो सुटला तर घडीच मोडते. पेशीच्या सांगाड्याला लांब टिकणारे सांधे लागतात, त्यासाठी ही सोय उत्तम. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाकळ्यांतल्या दोन जागी असे सोबती बसतील असा अंदाजही त्यांनी बांधला.

मला ही कल्पना आवडते ती तिने सक्रिय या शब्दाचा अर्थच बदलला म्हणून. आपण समजतो की सक्रिय म्हणजे तयार, भक्कम, कामाला सज्ज. इथे सक्रिय एझ्रिन हे सुप्त एझ्रिनपेक्षा अस्थिर आहे. त्याला जोडीदार हवा असतो, आणि तो हवा असणं हेच त्याचं काम करण्याचं बळ आहे.

त्या जागी खरोखर कुणी येऊन बसतं का?

बसतं. ईबीपी-५० हे प्रथिन १९९७ मध्ये एझ्रिनचा सोबती म्हणून सापडलं, त्याचं दुसरं नाव एनएचईआरएफ-१. त्याचं शेवटचं टोक सक्रिय डोक्याला घट्ट बांधलं जातं, पण सुप्त एझ्रिन त्याला जवळ येऊ देत नाही, कारण ती जागा शेपटाने व्यापलेली असते. २००६ मध्ये रॅडिक्सिनच्या डोक्यासह त्या टोकाची रचना मिळाली. ते टोक सर्पिल होऊन तिसऱ्या पाकळीवर बसतं. आयसीएएम-२ नावाच्या पटल-प्रथिनाचा आतला तुकडाही तिसऱ्याच पाकळीला धरतो, पण पट्टीच्या रूपात, दुसऱ्या एका खाचेत. एकच पाकळी, येणारे पाहुणे वेगळे, बसण्याची तऱ्हाही वेगळी.

मग जिवंत पेशीत हे सांधे खरंच लांब टिकतात का?

इथे सावध राहावं लागतं. परीक्षानळीत ईबीपी-५० आणि एझ्रिनची पकड पक्की असते. पण २०१२ मध्ये जिवंत पेशींतल्या मायक्रोव्हिलायमध्ये ईबीपी-५० वर चमकणारी खूण लावून पाहिलं, तेव्हा ते काही सेकंदांत बदलत होतं. जुना रेणू निघतो, नवा येतो. एझ्रिन स्वतः त्या मानाने बरंच जास्त वेळ थांबतं. ईबीपी-५० ला इतक्या लवकर हलवण्यात त्याच्याच पीडीझेड डोमेन नावाच्या भागांना धरणाऱ्या इतर प्रथिनांचा हात असतो.

यामुळे कळीच्या दगडाची कल्पना खोटी ठरते असं मला वाटत नाही. शेपूट आणि डोक्याच्या नात्याला ती चपखल बसते. पण ‘घडीत सामील झालेला सोबती क्वचितच सुटेल’ हे प्रत्येक सोबत्याला लावता येत नाही. पेशीत इतर हात असतात आणि ते घट्ट पकडही सोडवतात.

मधल्या सर्पिल भागाचं काय होतं?

याचं उत्तर एका अळीने दिलं. पूर्ण लांबीच्या सुप्त प्रथिनाची रचना २००७ मध्ये मिळाली ती स्पोडॉप्टेरा फ्रुजिपेर्डा या कीटकाच्या मोएसिनची. म्हणजेच आपल्याकडे मक्याचं पीक फस्त करणारी अमेरिकन लष्करी अळी. २०१८ मध्ये ती भारतात पहिल्यांदा कर्नाटकात दिसली आणि पाठोपाठ महाराष्ट्रातल्या मक्यावरही आली. प्रयोगशाळांना मात्र तिची ओळख कितीतरी जुनी आहे, कारण तिच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशी प्रथिनं बनवायला जगभर वापरतात. माझ्या वर्गातल्या शेतकरी घरातल्या मुलांना हे सांगितलं की ती लगेच कान टवकारतात.

त्या रचनेत मधला भाग केसात खोवायच्या आकड्यासारखा दुमडलेला आहे. एक लांब सर्पिल जातं, वळतं, आणि दुसरं त्याला बिलगून परत येतं. त्यामुळेच शेपूट डोक्यापर्यंत पोचतं. आकडा पुरता उलगडला तर किती लांब होईल याचा हिशोब सोपा आहे. सर्पिलात एका आम्लामागे ०.१५ नॅनोमीटर लांबी पडते. १७० आम्लं म्हणजे जवळपास २५ नॅनोमीटर. पटल आणि ॲक्टिनमधलं अंतर भरून काढायला एवढी दांडी कामाची आहे.

मला हे स्वतः बघायचं असेल तर?

जरूर बघा, वाचण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहे. प्रोटीन डेटा बँक सगळ्यांना मोफत खुली आहे. सुप्त मोएसिनची रचना १ईएफ१ या क्रमांकाखाली आणि एझ्रिनचं मोकळं डोकं १एनआय२ खाली आहे. कायमेरा किंवा पायमॉल हा रचना दाखवणारा प्रोग्राम उघडा आणि दोन्ही एकावर एक ठेवा. मी मुलांना सांगते की आधी फक्त पहिली पाकळी जुळवा. तसं केलं की बाकीच्या दोन पाकळ्यांतला फरक आपोआप डोळ्यांत भरतो. मग बी-फॅक्टरचा रंग चढवा. शेवटी शेपूट लपवा आणि परत दाखवा. तीन-चारदा असं केलं की शेपूट कुठे कुठे आधाराला होतं ते बोट ठेवून सांगता येतं.

अल्फाफोल्डने हे सगळं आधीच सांगितलेलं नाही का?

अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या संगणक-प्रणालीने २०२१ मध्ये माणसाच्या बहुतेक प्रथिनांचे अंदाज खुले केले, ती मोठीच सोय झाली. पण तिथे मिळतं ते एकच चित्र. एका अवस्थेतून दुसरीत जाताना काय ढिलं होतं ते त्या चित्रात नसतं. आणि त्यातले रंग म्हणजे अंदाजावरचा विश्वास, अणूंची हालचाल नव्हे. ही गफलत मी दर वर्षी कुणाच्या तरी प्रोजेक्टमध्ये दुरुस्त करते.

५६७ व्या जागी ॲस्पार्टेट घातलेलं एझ्रिन खरोखर सक्रिय असतं का?

बऱ्यापैकी, पण पूर्ण नाही. थ्रिओनिनच्या जागी ॲस्पार्टेट घातलं की तिथे कायमचा ऋण प्रभार येतो, म्हणून फॉस्फेटची नक्कल म्हणून तो वापरतात. पण त्याचा प्रभार एक, फॉस्फेटचा जवळजवळ दोन, आणि आकारही लहान. शिवाय नकली फॉस्फेट कधी उतरत नाही. एझ्रिनला पेशीच्या माथ्याकडे, मायक्रोव्हिलायमध्येच, नीट जमण्यासाठी फॉस्फेट चढणं आणि उतरणं हे चक्र चालू राहावं लागतं. त्यामुळे कायम जागं एझ्रिन आणि नीट काम करणारं एझ्रिन यांत फरक आहे.

जेलवर एझ्रिन ८० किलोडाल्टनच्या आसपास का दिसतं?

हिशोबाने त्याचं वजन सुमारे ६९ किलोडाल्टन. पण प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या एसडीएस जेलवर पट्टा ८० पाशी उमटतो. पहिल्यांदा मला तो तसा दिसला तेव्हा नमुना चुकीचा घेतला असं वाटून मी सगळं पुन्हा केलं. पट्टा परत तिथेच. हा या प्रथिनाचा स्वभावच आहे. घाबरू नका, शुद्ध केलेलं एझ्रिन शेजारच्या रांगेत चालवा आणि पुढे चला.

ते परत झोपतं कसं?

फॉस्फेट काढणारी विकरं ते उतरवतात, पीआयपी-२ कमी होतं, आणि शेपूट परत डोक्यावर येतं. हे किती चटकन होऊ शकतं ते पांढऱ्या पेशींमध्ये दिसतं. रक्तात वाहताना त्यांच्या अंगावर मायक्रोव्हिलाय असतात. बोलावणारं रसायन मिळालं की काही सेकंदांत त्यांच्या मोएसिनवरचं फॉस्फेट उतरतं आणि ते उंचवटे विरघळायला लागतात. मग पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला नीट टेकू शकते. फॉस्फोलायपेज सी हे विकर पीआयपी-२ तोडतं, त्याचाही यात वाटा आहे.

या प्रथिनांत बिघाड झाला तर कोणते आजार होतात?

रॅडिक्सिन नसलेल्या उंदरांत बिलिरुबिन रक्तात साठतं, कारण पित्तात ते टाकणारं प्रथिन यकृताच्या पटलात टिकत नाही. हे २००२ मध्ये दिसलं. २००४ मध्ये तेच उंदीर बहिरे होतात हे कळलं. कानाच्या आतल्या केसपेशींवरच्या ताठ उंचवट्यांच्या बुडाशी रॅडिक्सिन असतं. त्याच जनुकाच्या दोषामुळे माणसांतही आनुवंशिक बहिरेपण येतं. मोएसिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. त्यातल्या दोषामुळे मुलग्यांत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी पडून प्रतिकारशक्ती दुबळी होते, हे २०१६ मध्ये समोर आलं. एझ्रिन नसलेली उंदराची पिल्लं दूध तुटण्याच्या सुमारास मरतात, त्यांच्या आतड्याच्या अस्तराची घडण बिघडलेली असते.

कर्करोगात उलटं दिसतं. ऑस्टिओसार्कोमा या हाडांच्या कर्करोगात एझ्रिनचा संबंध रोग फुप्फुसांत पसरण्याशी २००४ मध्ये जोडला गेला. म्हणून त्याला रोखणारी औषधं शोधली जातात. पण आतडं, यकृत, कान, रक्त या सगळ्यांचं काम या भावंडांवर चालतं आणि तिघांची डोकी जवळजवळ सारखी आहेत, हे औषध शोधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

मर्लिन हे प्रथिन याच घरातलं का?

हो, चुलत भावंड. त्याचं डोकं याच बांधणीचं, शेपूटही वळून डोक्यावर येतं. पण शेपटाच्या टोकाशी ॲक्टिन धरायची ती जागा त्यात नाही, आणि त्याचं काम पेशींची वाढ आवरण्याचं आहे. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते बिघडलं की न्यूरोफायब्रोमॅटोसिस-२ होतो, त्यात दोन्ही कानांच्या नसांवर गाठी येतात. डोकं आणि शेपटाची तीच मिठी मर्लिनमध्ये कोणत्या अवस्थेला सक्रिय म्हणायचं, यावर अभ्यासकांत अजूनही वाद आहेत. एझ्रिनचं चित्र उचलून तसंच्या तसं मर्लिनवर चिकटवू नका.